काळा घोडा २६ फूट, म्हणजे आमच्या ओट्यापाशी किती?

बडोदा महापालिकेच्या सभागृहातील सर्व सन्माननीय सदस्यांस,

सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात तुमची सभा झाली तेव्हा मी प्रेक्षकांच्या बाकावर बसले होते. सकाळचे डबे रवाना करून, सासूबाईंचं जेवण झाकून ठेवून, शेजारच्या बेनकडे किल्ली देऊन आले होते. पिशवीत आमच्या सोसायटीच्या अर्जाची शिक्का मारलेली पोच होती. अर्ज फेब्रुवारीतला. त्यात दोनच गोष्टी मागितल्या होत्या. आमच्या मागून जाणारी कांस, म्हणजे पावसाचं पाणी नदीला नेणारा नाला, पावसाआधी साफ व्हावी, आणि पूर येणार असेल तर तो आमच्या घरात कुठपर्यंत येईल हे वेळेवर कळावं.

एका सदस्यांनी विषय काढला. मी त्यांना ओळखत नाही, पण त्यांचे मनापासून आभार मानते. उत्तर मिळालं, 'काम प्रगतीत आहे.' मग दोन्ही बाजूंचे आवाज चढले, कोणाच्या काळात काय राहून गेलं यावर बराच वेळ गेला आणि आमचा विषय पुढच्या सभेवर ढकलला गेला. पुढची सभा जूनमध्ये. जूनच्या मध्याला पाऊस बडोद्यात येऊन ठेपतो. मुलतवी हा शब्द तुमच्या कामकाजात रोजचा असेल, पण माझ्या पोटात त्या शब्दानं गोळा आला. घरी येताना काळ्या घोड्याच्या पुलावर, जिथं विश्वामित्री नदीची पातळी मोजतात तिथं, रिक्षा थांबवून मी खाली नदीकडे पाहिलं. पाणी तळाशी होतं, कडेला म्हशी बसल्या होत्या. हीच नदी २०२४ च्या ऑगस्टमध्ये इथं ३५ फुटांच्या वर गेली होती.

म्हणून हे पत्र, आणि तेही उघड. आमच्यासारखी तळमजल्यावरची घरं समा, कारेलीबाग, हरणी, अकोटा, मुजमहुडा, वडसर अशी नदीच्या दोन्ही काठांना पसरलेली आहेत. त्यांनाही हे वाचता यावं.

मी कोण, ते आधी सांगते. आमचं घराणं मूळचं दांडिया बाजारातलं. वाड्याच्या वाटण्या झाल्या आणि आम्ही समा भागात फ्लॅट घेतला. सासऱ्यांना जिना चढवत नव्हता, म्हणून मुद्दाम तळमजला पाहिला. मिस्टर मकरपुऱ्याला जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, कामाला जातात. मी घरातून डबे देते, श्रावण-भाद्रपदात उकडीचे मोदक आणि पुरणपोळ्यांच्या ऑर्डरी घेते, दिवाळीला फराळ. म्हणजे माझं घर आणि माझा धंदा एकाच लादीवर आहे.

२६ ऑगस्ट २०२४, जन्माष्टमी. दिवसभर पाऊस ओतत होता. संध्याकाळी सोसायटीच्या रस्त्यावर घोट्याइतकं पाणी झालं, त्याचं कोणाला काही वाटलं नाही, तेवढं दरवर्षी होतं. सुंठवडा वाटून झाला. रात्री दीडच्या सुमाराला मी पाणी प्यायला उठले, तर मोरीतून गुळगुळ आवाज येत होता. दिवा लावला. जाळीतून बुडबुडे येत होते आणि काळं पाणी हळूहळू लादीवर पसरत होतं. दाराला आम्ही गोण्या लावून ठेवल्या होत्या. पाणी दारापाशी यायच्या आधी मोरीतून घरात आलं.

सकाळपर्यंत गुडघा. फ्रीजखाली दोन-दोन विटा घातल्या. दुपारी पाऊस बराच कमी झाला, तेव्हा वाटलं, चला, सुटलो. पण पाणी चढतच राहिलं. मोबाइलवर निरोप फिरत होते, 'काळा घोडा ३० फूट', 'काळा घोडा ३२ फूट'. मिस्टर मला विचारत होते, बत्तीस म्हणजे आपल्याकडे किती? मी वरच्या भाईंना विचारत होते, ते कोणाला तरी फोन करून विचारत होते. कोणालाच माहीत नव्हतं. घरघंटी पलंगावर चढवावी की माळ्यावर, हा निर्णय या एका आकड्यावर होता. आम्ही पलंगावर चढवली. पलंगही बुडाला.

सासूबाई त्र्याऐंशी वर्षांच्या, गुडघे पार गेलेले. वरच्या भाईंनी आणि त्यांच्या दोन मुलांनी त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं आणि कमरेइतक्या पाण्यातून जिन्यापर्यंत आणून वर नेलं. त्या पूर्ण वेळ एकच बोलत होत्या, 'देव राहिले गं खाली.' मी परत जाऊन देव्हारा उचलून आणला. वीज नव्हती, पिण्याचं पाणी नव्हतं. वरच्या भाभींनी आपल्या गॅसवर चौदा माणसांची खिचडी केली, आणि दोन दिवस केली. पलीकडच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये मगर दिसली म्हणून पोरांना जिन्याच्या खाली उतरू दिलं नाही.

पाणी ओसरल्यावर घरात चार बोटं गाळ होता. काळसर, चिकट, गटाराच्या वासाचा. भिंतीवर पाण्याची रेघ उमटली होती, मी तिच्यावरून पेन्सिल फिरवून घेतली. लादीपासून सव्वातीन फूट. स्वयंपाकाच्या ओट्याच्या वर सात इंच. घरघंटी गेली, डीप फ्रीज गेला, मोदकांच्या पिठीसाठी निवडून, धुऊन, वाळवून ठेवलेला साठ किलो तांदूळ गेला, भाजणीचे दोन्ही डबे गेले. ७ सप्टेंबरला गणपती होते. दीड हजार मोदकांच्या ऑर्डरी मी एकेकीला फोन करून परत केल्या. घरचा गणपती ओल्या भिंतीपुढं पाटावर बसवला.

अहमदाबाद, सुरतेहून आलेल्या आणि आपल्याही शहरातल्या सफाई कामगारांनी त्या दिवसांत जे काम केलं त्याला तोड नाही. लष्कराचे जवान आले, त्यांचेही उपकार आहेत. माझी तक्रार पाणी उतरल्यानंतरच्या धावपळीबद्दल नाही. पाणी चढण्याआधीच्या शांततेबद्दल आहे.

आता एकेक सांगते.

सगळ्यात आधी आकड्याचं. काळ्या घोड्यापाशी २६ फूट ही धोक्याची पातळी, हे सगळ्या बडोद्याला पाठ आहे. पण त्या पातळीला आमच्या गल्लीत काय होतं, हे कुठंच लिहिलेलं नाही. पूर काही पहिल्यांदा आलेला नाही. २००५ ला आला. ३१ जुलै २०१९ ला एका दिवसात सुमारे २० इंच पाऊस झाला तेव्हा आला. मग २०२४. इतक्या पुरांनंतर पुलावर किती फूट असताना कोणत्या सोसायटीत किती पाणी होतं, याचा तक्ता करणं अवघड नाही. माणसांना विचारलं तर भिंतीवर बोट ठेवून सांगतील. नुकसानीच्या सर्व्हेला आलेल्या मुलानं माझ्या भिंतीवरच्या रेघेचा फोटो काढला होता. तसे शेकडो फोटो कुठल्या तरी कपाटात असतील. सयाजीराव महाराजांनी आजवा सरोवर बांधून घेतलं, तेव्हा तिथलं पाणी पंपाशिवाय, नुसत्या उतारावर शहरापर्यंत येईल अशी योजना केली. ते पाणी आम्ही आजही पितो. ज्या शहरानं एकोणिसाव्या शतकात उतार इंचाइंचानं मोजला, त्या शहरात आज कुठल्या गल्लीत पाणी किती चढेल हे सांगता येत नाही, हे मला पटत नाही.

दुसरं, इशारा. पावागडच्या डोंगरातून विश्वामित्री येते. वरच्या अंगाला आजवा, प्रतापपुरा. ती सरोवरं भरली की जादाचं पाणी नदीत येतं आणि ते शहरात पोचायला काही तास लागतात. ते तास आमचे आहेत. तेवढ्यात म्हातारी माणसं वर नेता येतात, औषधं, कागदपत्रं, गॅसचं सिलिंडर हलवता येतं, गाड्या उंचावर नेता येतात. पण २०२४ ला आम्हाला जे कळलं ते व्हॉट्सॲपवरून कळलं, आणि त्यातलं निम्मं खोटं होतं. एक निरोप सांगत होता धरण फुटलं, दुसरा सांगत होता पाणी उतरतंय.

या महिन्यात, ७ मे रोजी, देशभर नागरी संरक्षणाची मॉकड्रिल झाली. आपल्या शहरातही सायरन वाजले, संध्याकाळी दिवे बंद करायला सांगितलं आणि सगळ्यांनी बंद केले. आमच्या सोसायटीत एक खिडकी उजळ नव्हती. काळोखात बसून सासूबाई मला म्हणाल्या, 'अगं, हा भोंगा त्या रात्री का नाही वाजवला?' मला उत्तर देता आलं नाही. तुम्ही द्या.

तिसरं, कांस. हे जरा सविस्तर लिहिते, कारण सभेत याचं उत्तर एका वाक्यात आटोपलं.

शहरातल्या पावसाचं पाणी कांसांतून नदीला जातं. भूखी, रूपारेल, मसिया अशी त्यांची नावं आहेत, आणि बिननावाच्या कितीतरी लहान कांसा आहेत. नदीची पातळी कांसेच्या तोंडाच्या वर गेली की कांस रिकामी व्हायची थांबते. आणखी वर गेली की नदीच उलटी कांसेतून वस्तीत शिरते. पाऊस उघडूनही आमच्याकडे पाणी चढत होतं ते यामुळे. म्हणजे नदी आणि कांस हे एकच काम आहे. यंदा मार्चपासून विश्वामित्रीचं पात्र खोल आणि रुंद करायचं काम चालू आहे. जेसीबी, हायवा रात्रंदिवस राबताहेत, ते आम्ही पाहतो आणि त्याचं समाधानही वाटतं. पण आमच्या मागच्या कांसेत आज काय आहे ते सांगू? लादीचे तुकडे, थर्मोकोल, फुटकं कमोड, आणि बेशरमाचं रान माणसाच्या डोक्याइतकं. पूर्वी त्या कांसेवर उभं राहिलं की पलीकडच्या माणसाशी ओरडून बोलावं लागायचं. आता हात लांब करून वाटीभर साखर देता येते. कडेनं भराव घालत घालत ती एवढी राहिली. कोणी घातला, कोणाच्या परवानगीनं घातला, हे शोधणं माझं काम नाही. ज्यांच्याकडे टीपी स्कीमचे, म्हणजे नगररचनेचे, नकाशे आहेत त्यांचं आहे.

फेब्रुवारीपासून मी तीन वेळा वॉर्ड ऑफिसात गेले. पहिल्यांदा सांगितलं, सफाई झाली आहे. मी फोटो दाखवला. दुसऱ्यांदा सांगितलं, ती कांस दुसऱ्या खात्याकडे येते. तिसऱ्यांदा साहेब साइटवर होते. खुर्चीवरची माणसं सभ्यपणे बोलली, कोणी उर्मट वागलं नाही. पण कागदावर जी कांस साफ झाली ती कुठली, हे मला अजून कळलेलं नाही.

नदीबद्दल एक गोष्ट इथंच नोंदवते. राष्ट्रीय हरित लवादानं २०२१ मध्ये विश्वामित्रीची हद्द आखायला आणि नदीच्या रक्षणाचा आराखडा अमलात आणायला सांगितलं होतं. काठची कोतरं, म्हणजे घळी, ही पुराचं पाणी पसरायची जागा आहेत. नदी खोल करून कोतरांत पुन्हा भराव पडू दिला तर एवढ्या खर्चाचं आणि कष्टाचं काय होईल? आणि हो, नदीत मगरी आहेत, कासवं आहेत, ती आपल्याआधीपासून इथं आहेत. काम करताना त्यांच्या अंड्यांची, बिळांची काळजी घेतली जावी, असं मला मनापासून वाटतं. मगरीनं आमचं काही वाईट केलेलं नाही.

चौथं, वेरा, म्हणजे महापालिकेचा कर. एवढंच म्हणते की आमच्या सोसायटीत कोणाचा थकलेला नाही. पुराच्या वर्षीही भरला.

पाचवी गोष्ट मला सर्वांत जास्त लागली आहे. त्या सभेत सामान्य माणसाला तोंड उघडता येत नाही. नियम असेल, मी मान्य करते, सभागृह हे निवडून आलेल्यांचं आहे. पण मग आमच्यासाठी दुसरी जागा कुठं आहे? घटनेच्या ७४ व्या दुरुस्तीनं, १९९३ पासून, ३ लाख आणि त्याहून जास्त वस्तीच्या शहरांत वॉर्ड समित्या असाव्यात असं सांगितलंय. कलम २४३ एस. मी वकील नाही, माझ्या भाच्यानं मला वाचून दाखवलं. बडोद्यात तुम्ही ७६ जण आहात, एका वॉर्डात चार. चौघांनी मिळून पावसाळ्याआधी एका रविवारी वॉर्डातल्या लोकांसमोर खुर्च्या टाकून बसावं, यात अवघड काय आहे? चहा आम्ही करू.

आता मागण्या. या सगळ्या जूनच्या पंधरा तारखेच्या आत होण्यासारख्या आहेत, एकीलाही मोठा निधी लागत नाही.

काळ्या घोड्यापाशी २४, २६, २८, ३०, ३२ आणि ३५ फूट असताना कोणत्या सोसायटीत, कोणत्या रस्त्यावर पाणी साधारण किती असतं, याचा तक्ता जुन्या पुरांच्या नोंदींवरून करावा आणि प्रत्येक सोसायटीच्या नोटीस बोर्डावर लावावा. रस्त्यावरच्या विजेच्या खांबांवर २०२४ ची पातळी लाल रंगानं रंगवावी. नवीन भाडेकरू येतो, त्याला काही माहीत नसतं. खांब पाहिला की त्याला कळेल.

आजव्याचं जादा पाणी नदीत यायला लागलं की त्याच तासाला काठच्या वस्तीत सायरन वाजावा. वीज गेली, मोबाइलचे टॉवर बसले तरी कळावं म्हणून रिक्षावर भोंगा लावून गुजराती, हिंदी आणि मराठीत सांगावं. पाणी किती वाजेपर्यंत आणि कुठवर येण्याचा अंदाज आहे, हे त्यात असावं. 'नागरिकांनी सतर्क राहावे' एवढं पुरेसं नाही. सतर्क आम्ही असतोच, जूनपासून रात्रीची झोप नसते.

प्रत्येक कांसेच्या सफाईची तारीख, आधीचा आणि नंतरचा फोटो, किती लांबीपर्यंत साफ केली आणि काम कोणाला दिलं होतं, हे वॉर्ड ऑफिसाच्या बाहेर फलकावर लावावं. माहितीच्या अधिकाराच्या कायद्यात, २००५ च्या, चौथ्या कलमात अशी माहिती कोणी न मागता उघड करायला सांगितलेलं आहे. आमच्या मागची कांस याच महिन्यात पुन्हा तपासावी. मी आणि सोसायटीतले चार जण सोबत उभे राहू.

मोरीतून पाणी उलटं येऊ नये म्हणून तळमजल्याच्या ड्रेनेज लाइनला झडप बसवता येते, असं आमचा प्लंबर सांगतो. ती कुठं चालेल, कुठं नाही, हे तुमच्या इंजिनिअरांनी एकदा येऊन सांगावं. खर्च आम्ही करू.

तळमजल्यावर एकट्या राहणाऱ्या, अंथरुणाला खिळलेल्या, डायलिसिसवर असलेल्या माणसांची यादी प्रत्येक वॉर्ड ऑफिसात तयार असावी. बोट आली तर आधी कुठं जायचं हे तिला माहीत हवं. आमच्या गल्लीची यादी मी स्वतः करून ठेवली आहे, सात नावं आहेत, ती घेऊन जा.

आणि जूनच्या पहिल्या रविवारी वॉर्डाची बैठक. इतिवृत्त लिहिलेली, सह्या केलेली, उत्तरांच्या तारखा टाकलेली. आमचा विषय पुढच्या सभेच्या कार्यपत्रिकेत पहिला घ्यावा, शेवटचा नव्हे, कारण शेवटचे विषय कसे जातात ते मी त्या दिवशी पाहिलं.

कोणत्या पक्षाला मत द्यायचं यासाठी हे पत्र लिहिलेलं नाही. या दोन्ही बाजूंच्या बाकांवर माझ्या हातचे मोदक खाल्लेली घरं आहेत. मला फक्त यंदा पिठी वाया जाऊ द्यायची नाही. गणपती २७ ऑगस्टला आहेत. गेल्या पुरात बरोबर याच तारखेला मी फ्रीजखाली विटा घालत होते. ऑर्डरी यायला लागल्यात, आणि मी अजून कोणाला हो म्हटलेलं नाही.

घरघंटी नवीन घेतली, हप्त्यांवर. ती कुठं ठेवायची यावर घरात रोज बोलणं होतं. मिस्टर म्हणतात माळ्यावर, पण दळायला रोज कोण खाली काढणार? ओट्यावर ठेवली तर २०२४ इतकं पाणी आलं की पुन्हा सात इंच बुडेल. तुमचा तक्ता आला की ठरवू.

भिंतीला रंग दिला, पण पेन्सिलच्या रेघेपुरता सोडून दिलाय. कोणाला पाहायची असेल तर जरूर या. सकाळी डब्यांची घाई असते, दुपारी तीननंतर मी घरी असते.

आपली,
समा भागातली, तळमजल्यावर राहणारी एक डबेवाली
बडोदा, मे २०२५